सगळ्यांना सगळं कळलंच पाहिजे

नवीन टीम लीड झालात का? अभिनंदन. आता कोड-बिड बघायचं काम पोरं करतील, तुम्ही आधी स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटिंग ॲपवर) "अलर्ट्स" नावाचं एक चॅनेल उघडा आणि त्यात आख्खी टीम, टेस्टिंगवाले, मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर आणि जिचा सर्व्हरशी जन्मात संबंध आला नाही ती डिझायनर, सगळ्यांना ओढा. विचारत बसू नका, विचारलं की लोक नाही म्हणतात.

मग त्याला गिटहब, म्हणजे टीमचा कोड जिथे ठेवलेला असतो ते, जोडा. सबस्क्राईबची कमांड मारली की इश्यू, पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे "माझा बदल तपासून आत घ्या" ही विनंती), रिलीज, डिप्लॉयमेंट वगैरे आपोआप येतं, पण कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) मात्र फक्त डीफॉल्ट ब्रँचचे, म्हणजे कोडच्या मुख्य फांदीचे, हा कसला कंजूसपणा! कमिट्सपुढे कोलन आणि स्टार टाका, सगळ्या ब्रँचचे येतील, वर रिव्ह्यू आणि कमेंटही चालू करा. म्हणजे कोणी तरी दुपारी "फिक्स", मग "फिक्स परत", मग "आता तरी चाल बाबा" असे कमिट पुश करत बसलेलं असतं ते सगळ्यांना लाईव्ह बघायला मिळतं. लेबल लावून फिल्टर करता येतं असं एखादा शहाणा सांगेल, त्याला चहाला घेऊन जा आणि विषय बदला.

कोडओनर्सची फाईल, म्हणजे कुठल्या फाईलमधला बदल कोणी तपासायचा ती यादी, तर एका ओळीत होते. स्टार, म्हणजे सगळ्या फाईली, आणि पुढे पूर्ण टीमचं नाव, संपलं. आता रीडमीमधला (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमधला) स्वल्पविराम हलला तरी सगळ्यांना रिव्ह्यूची रिक्वेस्ट जाते, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल, आणि शेवटी ज्याचा पीआर आहे तोच बिचारा एकेकाला पर्सनलवर "भावा जरा अप्रूव्ह मार ना" करत फिरतो. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी, दुसरं काय.

जिराचं, म्हणजे कामांची तिकिटं ठेवायच्या सॉफ्टवेअरचं, तर विचारूच नका. स्प्रिंट (ठरावीक आठवड्यांचा कामाचा टप्पा) संपला की दोनशे तिकिटं एकदम बल्क चेंजने पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलताना मेल पाठवायची टिक आधीच असते, तिला अजिबात हात लावू नका.

आता खरा मसाला, म्हणजे प्रॉडक्शनचे, ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचे, अलर्ट. अलर्टमॅनेजरमध्ये (हे अलर्ट पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तोच अलर्ट परत पाठवायला डीफॉल्ट ४ तास असतात, एवढ्या वेळात माणूस जेवून झोपून उठतो, तुम्ही ५ मिनिटं करा. रूलमध्ये "इतकी मिनिटं सलग असेल तरच वाजव" अशी सोय असते ती काढून टाका, सीपीयूने नुसता सुस्कारा सोडला तरी कळलं पाहिजे. सिव्हिरिटी (किती गंभीर ते) सगळ्याला क्रिटिकल, कारण वॉर्निंग ठेवली आणि उद्या काही झालं तर क्लायंटला तोंड कोण दाखवणार? आणि स्टेजिंगचे (रिलीजआधी चाचणी करायच्या सर्व्हरचे) अलर्टही ह्याच चॅनेलवर. मग रात्री चॅनेल असं दिसतं: स्टेजिंग डिस्क ८० टक्के, सीपीयू हाय, रिझॉल्व्ह्ड, सीपीयू हाय, रिझॉल्व्ह्ड, पेमेंट फेल होतंय, सीपीयू हाय, रिझॉल्व्ह्ड. मधलं ते पेमेंटचं दिसलं का तुम्हाला? नाही ना, मग सेटिंग बरोबर झालंय.

स्लॅकच्या मेसेजमध्ये सगळ्यांना एकदम हाक मारायचे "हिअर" आणि "चॅनेल" हे दोन टॅग असतात, त्यात गोंधळू नका. हिअर लावलं तर जे ऑनलाईन आहेत त्यांनाच जातं, चॅनेल लावलं तर जे नाहीत त्यांनाही. अर्थातच चॅनेल लावा. मोठ्या चॅनेलमध्ये स्लॅक स्वतः विचारतो की बाबा इतक्या लोकांना पाठवायचं का, तेव्हा छातीठोकपणे हो म्हणायचं. न्यू जर्सीच्या ऑफिसात दुपारी पॅन्ट्रीत केक ठेवलाय ही बातमी हिंजवडीच्या टीमला मध्यरात्री कळायलाच हवी, ग्लोबल टीम आहोत आपण.

लोक म्यूट करतील. करू देत, सगळेच करतात, मॅनेजर सगळ्यात आधी करतो. पण म्यूट केलं तरी चॅनेल आहे, मेसेज आहे, त्यावर वेळ आहे, आणि गडबड झाली की तुम्हाला शांतपणे म्हणता येतं, "चॅनेलवर टाकलं होतं." एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो. वाचावं म्हणून कोण पाठवतं हो? ज्याला खरंच कळवायचंय त्याला आपण फोन करतो.

फोनवरून आठवलं, ऑन-कॉलच्या एस्केलेशन लिस्टमध्ये (गडबड झाली की एकामागून एक कोणाला फोन जायचे त्या यादीत) नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर तसाच राहिला असेल तर काढू नका. बाकी कोणी उचललं नाही की शेवटचा कॉल त्यालाच जातो, तो आता दुसऱ्या कंपनीत असतो, पण पोरगा चांगला आहे, झोपेतून उठून कुठली सर्व्हिस रीस्टार्ट करायची ते बरोबर सांगतो.