५.१ चे सराउंड स्पीकर पाठीमागेच हवेत का?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर असलेला होम थिएटर सेट; त्या पाचांतले दोन ‘सराउंड’, म्हणजे भोवतालचा आवाज देणारे. ‘सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ५.१ घेऊ नका, मागचे स्पीकर लावायला जागाच नाही’ असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. समोरचा टीव्ही शून्य अंश धरला, तर ५.१ मध्ये सराउंडची जागा डॉल्बीने ९० ते ११० अंशांवर सांगितली आहे, म्हणजे बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, फार तर किंचित मागे. पाठीमागची वेगळी जोडी लागते ती ७.१ ला, म्हणजे सात स्पीकरच्या सेटला. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतही बाजूच्या भिंतींवर ब्रॅकेट ठोकून, कानापेक्षा फूट-दोन फूट वर हे स्पीकर छान बसतात. डोक्यामागे अगदी कानाजवळ मात्र खरंच नको. तिथे लावलेला स्पीकर एकटाच गाजत राहतो. आणि बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्रात) भरा, ही पायरी हमखास राहून जाते.