परवानगी लागतच नाही

"घर बांधाले परवानगी? अन् ती काहून?" तर्री-पोह्यातले चणे शेवटासाठी बाजूला सारत मेहुणा म्हणाला. "2020 ची नवी नियमावली आली नं भाऊजी. 150 चौरस मीटरपर्यंत काही लागतच नाही. कागद द्या, पैसे भरा, पावती घ्या, कुदळ मारा."

आमचा प्लॉट 1500 चौरस फूट, म्हणजे 139 मीटर आणि वर चिल्लर. हिशेब जमला. (माझा हिशेब नेहमीच जमतो. पुढचं जमत नाही.)

बाबांनी उमरेड रोडकडे हा तुकडा घेतला तेव्हा आजूबाजूला तूर उभी होती. लेआउट अर्थातच नामंजूर. मग 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचं पत्र, ज्याला अख्खं नागपूर 'आरएल' म्हणतं. आमच्याकडे स्थळ पाहायला आलेले लोकही "घर स्वतःचं का?" नंतर "आरएल झालं का?" विचारतात. आमचं झालं होतं. बाबांनी ते देवघरात, लक्ष्मीच्या फोटोमागे जपून ठेवलं होतं. खिडकीपलीकडच्या साहेबांनी त्याचा कोपरा नखानं खरवडून पाहिला.

"इथं सही असाले पाहिजे."

"आहे नं साहेब. कुंकवाखाली."

"सर्टिफाइड कॉपी आणा."

मग मोजणी. मे महिना, पारा 45 वर, डोक्याला दुपट्टा बांधून आम्ही उभे. मोजणीवाला म्हणाला, 1487. तेरा फूट गेले कुठे? सगळ्यांनी हळूच कुंपणाकडे पाहिलं. तिथे शेजारच्या काकूंचं तुळशीवृंदावन होतं, आणि काकू नेमक्या पाणी घालत होत्या.

"बापू, तुळस हलवतोस का आता?"

मी तेरा फूट सोडले. पुढे नकाशा नव्यानं काढला, त्यात बायकोचं देवघर ईशान्येला गेलं आणि जिना जवळजवळ न्हाणीघरात आला. ते असो.

खरी गंमत कडुनिंबाची. बाबांनी लावलेला, आता माझ्या कवेत न मावणारा.

"झाड तोडाचं हाय?"

"नाही."

"मंग नकाशात दाखवा."

दाखवलं.

"हे तर मार्जिनमध्ये, घराभोवती मोकळ्या सोडाच्या जागेत, येऊन राह्यलं."

"साहेब, आधी ते आलं. मार्जिन मागून आली."

साहेबांनी पहिल्यांदाच चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चहा मागवला. सर्व्हर मात्र त्या दिवशीही डाऊन होता.

न लागणाऱ्या परवानगीची पावती ऑगस्टात हाती आली तेव्हा माझ्या चौदा फेऱ्या झाल्या होत्या. ठेकेदाराला फोन लावला.

"पावसाचं पायवा खोदता का भाऊ? पोळा होऊ द्या, मारबत निघू द्या, मंग पाहू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दीत उभा राहिलो. काळी आणि पिवळी मारबत, या दोन भल्यामोठ्या पुतळ्यांची गळाभेट झाली, लोक ओरडले, "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत!" मीही घसा ताणला, "नकाशा, मोजणी, सर्व्हर घेऊन जा गे मारबत!"

शेजारचा अनोळखी माणूस वळला. "कोणत्या लेआउटमधले तुम्ही?"