शाहिराने तिकीट लावलं तर बिघडलं कुठे?

गुहागरकडच्या आमच्या वाडीत सध्या एकाच गोष्टीवर काथ्याकूट चाललाय. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या सामन्यांत नाव कमावलेला आमचा एक शाहीर मुंबईची नोकरी संपवून गावी परतला आणि घरालगत पत्र्याचं सभागृह बांधायचं म्हणतोय. शनिवारी जाखडी (फेर धरून नाच-गाणं) नाहीतर नमन (आमचं कोकणी लोकनाट्य), तिकीट शंभर रुपये, वर घावणे-चटणी आणि चहा. अर्धी वाडी खूश. उरलेली म्हणते, "गणपतीपुढचं गाणं विकायला काढलंन!"

मी राहतो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, डोव्हरला. हा वाद ऐकून मला आठवला टॉमी मेकम, इथला लाडका लोकगायक. जन्म १९३२, उत्तर आयर्लंडमधल्या केडी गावचा. आई सारा घरात जुनी गाणी म्हणायची. लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी तिच्या दारी येऊन ती ध्वनिमुद्रित करून नेली. १९५५ साली पोरगा बॅगपाइप घेऊन डोव्हरला आला आणि छपाईयंत्रांच्या कारखान्यात लागला. पुढच्याच वर्षी यंत्राखाली हात चिरडला. हात गळ्यात अडकवून गडी न्यूयॉर्कला गेला तो नट व्हायला, आणि आयरिश लोकगीतं गाणाऱ्या क्लॅन्सी बंधूंच्या जोडीने झाला गायक. गिरणीत पाळी करून रात्री खोलीवर ढोलकी काढणाऱ्या आपल्या चाकरमान्यांच्याच जातकुळीचा म्हणायचा.

१९८०च्या दशकात त्याच्या नावाचा क्लब न्यूयॉर्कमध्ये उभा होता, ईस्ट ५७व्या रस्त्यावर: 'आयरिश पॅव्हेलियन'. तिथे तो स्वतः गायचा, इतरांनाही गायला बसवायचा. आईच्या तोंडची गाणी आणि बाहेर पैसे मोजून बसलेली माणसं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. राहिला मात्र डोव्हरचाच. २००७ साली गेलाही इथेच.

आता गावच्या मंडळींना माझा एकच सवाल आहे. परळच्या दामोदर नाट्यगृहात इतकी वर्षं नमन-जाखडीचे प्रयोग झाले, ते काय फुकट होते? तिथे तिकीट काढून शिट्ट्या मारणारेच गावी उतरले की यांना देव आठवतो! १९२२चं ते दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं आणि मंडळं दुसरे हॉल शोधत फिरली. आपल्या शाहिराला स्वतःची जागा कधी नव्हतीच. सहाणेसमोर (देवाची पालखी बसते त्या जागेपुढे), शाळेच्या पटांगणात, नाहीतर भाड्याच्या रंगमंचावर. सत्कार झाला की शाल-श्रीफळ, आणि उतारवयात सरकारी मानधन, महिना ५,००० रुपये. ते मिळावंच. पण अंगात गाणं असताना माणसाने काय खायचं?

विरोधकांचं सगळंच खोटं आहे असंही नाही. अशा क्लबांचं भाडं सहसा गाण्यावर नाही, बारवर निघतं. आमच्या पत्र्याच्या सभागृहामागे उद्या 'फॅमिली गार्डन' उघडलं तर मीही भांडायला येईन. शिवाय मेकमचा क्लबही पुढे मिटलाच. आणि एक गोष्ट इथे पैसे मोजूनही मिळत नाही. गणपतीत आमच्या अंगणात शाहीर नि ढोलकीवाला मधे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरतात, एखादा दमला की कडेचा बनियनवरच आत घुसतो. प्रेक्षक नावाचा वेगळा प्राणी तिथे नसतोच. मी इथे खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो, एवढंच.

म्हणून गणपतीची आणि शिमग्याची रात्र अंगणातच राहू दे, बिनतिकिटाची. शनिवार शाहिराचा. शंभर कमीच वाटतात मला, घावण्यांसकट तर फारच कमी. फक्त सभागृह त्याच्या स्वतःच्या नावावर हवं. वाडीच्या मंडळाच्या नावावर करायची जी टूम निघालीय तिला माझा साफ विरोध आहे: दोन वर्षांत तीन गट पडतील, दाराला कुलूप लागेल आणि किल्ली मुंबईच्या कमिटीकडे.