रिंगणात कोण उतरणार?

परवा पुण्याहून ताईचा फोन आला. सोसायटीत मंगळागौर ठरली आणि वाद पेटला. काहींना खेळ करणारा ग्रुप बोलवायचाय. बाकीच्या म्हणतात, हे ग्रुप सिनेमाची गाणी घुसवतात, फुगडीची कसरत करून टाकतात, मग परंपरा उरली कुठे? "तुला काय वाटतं ते सांग," ताई म्हणाली.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मला बारा वर्षं झाली. इथे लग्न म्हटलं की संध्याकाळी बहुधा 'केली' असतेच, म्हणजे फिडल-अकॉर्डियनवर सगळ्यांनी मिळून नाचणं. तिथे 'एटसम रील' हा आठ जणांचा नाच पाहिला आणि मला झिम्मा आठवला. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, हात धरून गोल फिरतात. पुढे साखळी: एकाला उजवा हात, पुढच्याला डावा, असा पुरा फेरा मारून आपल्या जोडीदारापाशी परत. मग एक बाई मधे जाते आणि बाकीचे सात तिच्याभोवती फेर धरतात. ती जोडीदारासमोर पावलं टाकते, हात धरून गिरकी घेते, मागे वळून समोरच्या पुरुषाबरोबर तेच करते. नंतर तिघं आठचा आकडा काढत एकमेकांना ओलांडून जातात. पुन्हा फेर, आणि उरलेल्या दोघा पुरुषांबरोबर तेच सगळं. चार बायकांची पाळी झाली की चार पुरुषांची. पूर्ण नाच ४६४ बारचा (बार म्हणजे संगीतातलं ठेक्याचं एक माप), आणि आठांपैकी एकालाही वगळून तो पुरा होत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी मधे नुसतीच उभी राहिले. सत्तरीच्या एका आजोबांनी डोळ्यांनी खूण करून हात पुढे केला, आणि जमलं.

हा नाच फार प्राचीन असेल असं मला वाटायचं. पण आजचं त्याचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, जुन्या रीलमधून जुळवलेलं. पहिल्या महायुद्धानंतर इथले कंट्री डान्स मागे पडू लागले, तेव्हा जीन मिलिगन आणि इझोबेल स्टुअर्ट या दोघींनी १९२३ मध्ये ग्लासगोतच संस्था काढली. जुन्या वह्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून नाच गोळा केले, पावलं ठरवली, पुस्तकं छापली. त्यांनी नाच फार घोटीव केला, अशी तक्रार इथेही आहे, आणि ती मला थोडी पटते. पण त्या पुस्तकांवाचून कितीतरी नाच गेले असते. शिवाय केलीत लोक आरोळ्या ठोकत हवे तसे नाचतातच. डिसेंबरात शाळेच्या पीटीच्या तासाला मुलांना हे नाच शिकवतात. माझा मुलगा तिथूनच 'स्ट्रिप द विलो' शिकून आला.

म्हणून शुद्ध-अशुद्धचा वाद मला पटत नाही. पिंग्यात नवी गाणी आपल्या आज्यांनीही घातली असणार. माझा जीव वेगळ्याच गोष्टीनं तुटतो. मागच्या श्रावणात एका नातेवाइकांकडे मंगळागौरीला गेले होते. एकसारख्या नऊवारीतला ग्रुप, खेळ खरंच देखणे. आणि आम्ही पन्नास बायका भाड्याच्या खुर्च्यांवर, मोबाइल उंच धरून. जिची मंगळागौर, ती नवी नवरीसुद्धा बसलेलीच. फुगडीचे सगळे प्रकार येणारी आमची आत्या मात्र स्वयंपाकघरात. काका गेल्यापासून तिला कुणी बाहेर बोलावत नाही. तिच्याकडून मी तवाफुगडी शिकले होते. ती तिथे आत पोळ्या लाटत होती.

ताईला मी सांगितलं, ग्रुप जरूर बोलवा, पण पंधरा दिवस आधी, शिकवायला. त्या दिवशी खुर्च्या फक्त गुडघे दुखतात त्यांच्यापुरत्या. आत्याला मी स्वतः फोन केला. आधी "माझं काय काम तिथे" म्हणाली, मग बराच वेळ गप्प होती, आणि शेवटी तिनं विचारलं, "सूप आणायचं का गं घरचं?"