माझे दोन, त्याचे तीन

डोंगरांचे, तळ्यांचे फोटो काढायला आधी डोंगर किंवा तळं लागतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आधी लागतो ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी. पहाटेच्या उजेडात शटर अर्धा-अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागतं आणि माझे हात भर दुपारीही स्थिर नसतात. कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा तर एक जुना हिशेब आहे: लेन्स 200 मिमीची असेल तर शटर 1/200 सेकंदाहून जास्त वेळ उघडं नको. हा हिशेब ज्यानं मांडला, तो तासभर चढण चढून धापा टाकत उभा नसणार.

पहिला ट्रायपॉड मी हलका घेतला. ‘हलका’ या शब्दातच ‘हल’ आहे, हे दुकानात सुचलं नाही. वाऱ्याची झुळूक आली की तो मान डोलवायचा. त्यावर उपाय म्हणून खालच्या हुकाला बॅग अडकवावी, वजनानं तो घट्ट बसतो, असं वाचलं होतं. अडकवली. आता वाऱ्यात बॅग झुलू लागली आणि बॅगेबरोबर ट्रायपॉडही. बॅगेचा तळ जमिनीला जेमतेम टेकू द्यायचा असतो, म्हणजे ती वजनही देते आणि पाळणाही होत नाही. हे मला कळेपर्यंत माझ्याकडे सूर्यास्ताचे चाळीसेक झोके जमले होते.

दुसरा मग मुद्दाम जड घेतला. हलका जागेवर हलायचा, हा घरातून हलेना. दोन-तीनदा कसाबसा खांद्यावर घेतला, मग तो दाराआड उभा राहून ओल्या छत्र्या सांभाळू लागला. ते काम मात्र तो फार स्थिरपणे करतो.

तिसरा मध्यम वजनाचा. त्याच्याबरोबर तळ्यावरच्या सूर्योदयाचा बेत ठरला. चारचा गजर वाजला तेव्हा ही म्हणाली, “अहो, आज रविवार आहे.”

“रवीचाच तर वार,” मी म्हणालो. पुढचं ती उशीखाली डोकं घालून म्हणाली, त्यामुळे ऐकू आलं नाही.

तळ्याकाठी मिट्ट काळोख. कपाळावरच्या टॉर्चचा लाल दिवा लावायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपत नाहीत. लाल उजेडात ट्रायपॉडचे पाय उघडायला घेतले. वरचे जाड भाग आधी उघडायचे, खालचे बारीक भाग अगदीच गरज पडली तर. पण वाकलेल्या माणसाच्या हाताला आधी खालचेच खटके लागतात. त्यामुळे माझा ट्रायपॉड बगळ्याच्या पायांवर उभा राहिला. तरी उंची कमी वाटली म्हणून मी मधला दांडा वर ओढला. हा दांडा वर काढणं म्हणजे तीन पायांच्या भक्कम बैठकीवर पुन्हा एक काठी रोवून तिच्या टोकाला कॅमेरा ठेवणं. मला हे ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी तसं केलेलं दिसलं तर मी जाऊन सांगतोसुद्धा.

उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि एक वरच्या अंगाला ठेवायचा. मी नेमकं उलट केलं. बेसावध क्षणी तोल गेला. ट्रायपॉडचा नव्हे, माझा. त्याच्या पायाला माझा पाय अडकला आणि पाच पायांपैकी माझेच दोन वर झाले. कॅमेरा तोवर बॅगेतच होता, ही त्या पहाटेची एकमेव शहाणी गोष्ट.

मग बॅटरी. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी. मी ती इतकी आतल्या खिशात ठेवली होती की काढताना तीन थरांची बटणं सोडावी लागली. पूर्व फटफटत होती आणि मी निम्मा उघडा, एका हातानं स्वतःलाच चाचपत उभा होतो. तेवढ्यात फिरायला आलेले एक आजोबा थांबले, त्यांनी काहीही विचारलं नाही आणि वाट बदलली.

पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवायची काळी काच, आणला होता. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. म्हणजे दहा स्टॉपचा फिल्टर तो सुमारे हजारपट कमी करतो. 1/30 सेकंदाचा फोटो 30 सेकंदांच्याही पुढे जातो. तो लावल्यावर आरपार जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून फोकस आधी ठरवून, ऑटोफोकस बंद करून मगच फिल्टर चढवायचा. मी आधी चढवला. काढायला गेलो तर आटे अडकलेले. जितकं आवळून धरावं तितकी फिल्टरची कडी दबते आणि जास्तच रुतते. कडेला रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हातानं फिरवला की सुटतो. रबरबँड माझ्याकडे होता. तो डब्याला लावलेला होता आणि डबा घरी.

शेवटी रुमालानं फिल्टर सुटला. फोकस केला, पुन्हा चढवला. बोटाच्या धक्क्यानंही कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. श्वास रोखला. 30 सेकंद श्वास रोखायची काहीच गरज नसते, पण रोखला जातो. पाणी, धुकं, मधलं एकटं झाड, वर गुलाबी रेघ. सगळं जमलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, “दाखवा.”

“थांब. गार कॅमेरा एकदम उबेत काढला तर दव धरतं. बंद पिशवीत तासभर राहू दे. खोलीची सवय होऊ दे त्याला.”

“कॅमेऱ्याला तासभर देता,” ती म्हणाली. “मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांसमोर उभं केलं होतंत.”

तासानं फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. तिनं नाक पडद्याजवळ नेलं. “या झाडाला दोन कडा का आहेत?”

लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण चालूच राहिलं होतं. हातातली थरथर शोषून घ्यायला ते असतं. ट्रायपॉडवर थरथर सापडली नाही, की काही जुन्या लेन्समध्ये ते बिचारं उगाच शोधत राहतं आणि त्या शोधाशोधीत स्वतःच हलतं. माझी लेन्स जुनी आहे. म्हणजे त्या पहाटे तळ्याकाठी, खटाटोप संपल्यावर, हलणारी एकच वस्तू उरली होती आणि ती हलू नये म्हणूनच बनवलेली होती.

पुन्हा विसरायला नको म्हणून मी एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ट्रायपॉड असेल तर बटण बंद’, आणि ती लेन्सच्या टोपणाला आतून चिकटवली. फोटो काढण्याआधी टोपण काढावंच लागतं, म्हणजे चिठ्ठी दिसणारच. गेले आठ दिवस मी टोपण शोधतोय.