क्यूआर आहे ना, मग झालं!

आयात मालाचं प्रमाणपत्र खरं आहे का, एवढंच विचारलं की पुरवठादाराचं ठरलेलं उत्तर: "क्यूआर स्कॅन करा ना!" केला. उघडलं काय? तीच पीडीएफ, त्याच्याच वेबसाइटवर! चोरालाच साक्षीदार करायचं का? आणि डिजिटल सही म्हणे! अहो, तो सहीचा फोटो आहे, चिकटवलेला! एकावर तर दिमाखात 'आयएसओने प्रमाणित'. आयएसओ मानकं बनवते, प्रमाणपत्रं देतच नाही! सीई या युरोपातल्या सुरक्षा-खुणेच्या कागदावर नोटिफाइड बॉडीचा, म्हणजे तपासणीसाठी नेमलेल्या संस्थेचा, 4 अंकी क्रमांक? आहे की! अशा संस्थांच्या, युरोपीय आयोगाच्या नँडो यादीत शोधला, तर ती संस्था लिफ्ट तपासणारी आणि माल खेळण्यांचा! वर मॉडेल नंबर वेगळा, मुदत कधीच संपलेली. जाब विचारावा तर म्हणतात, "आजवर कुणी एवढं बघितलं नाही हो!"