हात बसायला वेळ द्या
संगणकामुळे संगीतकार, वादक आणि वाद्य घडवणारा एकच होतो, हे संगणकीय संगीतावरच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण डच संगीतकार मिशेल वाइसविझ यांचा उल्लेख हवा होता! १९८४ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टाइम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत त्यांनी ‘द हँड्स’ घडवलं. दोन्ही हातांवर चढवायचं वाद्य: बोटांखाली बटणं, हात कलला की कळणारे पाऱ्याचे स्विच, आणि दोन हातांतलं अंतर मोजायला अल्ट्रासाउंड. कुठल्या हालचालीने आवाजात काय बदलायचं हे ठरवणं, हीच तिथे संगीतरचना. तरी पुढे त्यांनी वाद्यातले फेरफार मुद्दाम थांबवले, वाजवण्यावर पकड यावी म्हणून. रियाज करणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. आता तर सॉफ्टवेअर सतत अपडेट होतं, मग वादकाचा हात बसणार कधी? यावर लेखकाने जरूर लिहावं.